परतफेड अपेक्षित नाही

लुसेआने तोकी तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात राबली. हिल्सबरोच्या टेकडीवर ज्यांची घरं आहेत, ज्यांच्याकडे माळी वेगळा येतो आणि पोहायचं तळं साफ करणारा वेगळा, अशा म्हाताऱ्यांना तिनं न्हाऊ घातलं, भरवलं, गोळ्या दिल्या आणि शेवटी त्यांचे डोळेही मिटले. मग त्यांची मुलं यायची, 'आमच्या आईचं सगळं तुम्हीच केलंत हो' म्हणत गळ्यात पडायची आणि दोन महिन्यांत घर विकून मोकळी व्हायची. लुसेआने बस धरून टेकडी उतरायची आणि खाली सॅन ब्रूनोत येऊन आपल्या भाड्याच्या घरात भाताचं पातेलं चढवायची.

भाड्याचं आपलं म्हणायला. त्या घरात ते बावीस वर्षं राहिले होते. नवरा हालोती सिमेंट-काँक्रीटची कामं घेणारा, अंगानं दांडगा, चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारा. त्याची आई मागच्या खोलीतच वारली. मुलगी सेइनी तिथंच मोठी होऊन नर्स झाली. आईमागोमाग ती खोली चुलत्यानं, सेमिसीनं घेतली. चुलता आपला आपण म्हणायचं. टोंगा बेटांवरच्या माणसाला बापाचा भाऊ म्हणजे बापच. घरमालक म्हातारा ब्रूनेत्ती भाडं वाढवताना स्वतःच खजील व्हायचा, असा माणूस. तो मेला आणि त्याचा मुलगा सूटबूट घालून दारात उभा राहिला.

"आम्ही घर विकायला काढतोय," तो म्हणाला. "बाबांची इच्छा होती, आधी तुम्हाला विचारावं. साडेपंधरा लाख डॉलर."

तीन खोल्या, एक गॅरेज, विमानतळाचा आवाज फुकट. त्याचे साडेपंधरा लाख. पण त्या भागात तो भाव रास्तच होता, ही त्यातली जास्त वाईट गोष्ट.

लुसेआनेनं त्या दिवशी हालोतीला स्पष्ट सांगितलं, "मला हे घर पाहिजे. मी आजवर तुझ्याकडे दागिना मागितला नाही, सोफा मागितला नाही, वावाऊला माहेरी जायचं तिकीटसुद्धा मागितलं नाही. हे घर पाहिजे."

"मग घेऊ," हालोती म्हणाला. जणू बाजारातून अळू आणायचं होतं.

बँकेतला कर्जाचा माणूस, ब्रेंट, बोलायला गोड होता. टेबलावर बिस्किटांची बशी असायची. त्यानं कागदावर आडवी रेघ मारली आणि सांगितलं की त्या वर्षी त्यांच्या जिल्ह्यात साडेअकरा लाखांपर्यंतचं कर्ज साधं. त्याच्यावर गेलं की जम्बो. साधं कर्ज सरकारच्या आधाराच्या कंपन्या बँकेकडून विकत घेतात. जम्बो कुणी घेत नाही. बुडालं तर बँकेचंच बुडतं, म्हणून बँक त्यात डोळ्यांत तेल घालून बघते.

"बघते म्हणजे?" लुसेआनेनं विचारलं.

ब्रेंटनं मग बघण्याची यादी वाचली. घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा, म्हणजे तीन लाख दहा हजार, रोख. कर्ज बारा लाख चाळीस हजार. महिन्याचा हप्ता, घरपट्टी, विमा मिळून नऊ हजार नऊशे. तिघांची कमाई मिळून अशी हवी की सगळी देणी त्यातल्या शंभरातल्या त्रेचाळिसांच्या आत बसावीत. हालोतीचा स्वतःचा धंदा, म्हणून दोन वर्षांची टॅक्सची कागदं. घराची किंमत ठरवणारी एक सोडून दोन माणसं येणार आणि दोघांची फी हेच भरणार. नोंदणी, विमा, बँकेची फी असे वरचे एकवीस हजार. आणि हे सगळं देऊन झाल्यावर बारा महिन्यांचे हप्ते खात्यात शिल्लक दिसले पाहिजेत.

"सगळं देऊन झाल्यावर?" हालोती हसला. "सगळं दिल्यावर माणसाकडे काय राहतं?"

"एक लाख एकोणीस हजार राहायला हवेत, सर," ब्रेंट म्हणाला. तो हसला नाही.

निम्म्याहून थोडे जास्त लुसेआनेच्या निवृत्तीच्या खात्यावर धरले गेले. त्या खात्यातले शंभर असले तर बँक साठ मोजते. उरलेले अठ्ठावन्न हजार रोख लागणार होते आणि होतेही तेवढेच. कर्ज रेघेच्या वर नव्वद हजारांनी जात होतं. हे अठ्ठावन्न त्यात घातले तरी बत्तीस कमीच पडत होते. नाहीतर ही जम्बोची भानगडच उद्भवली नसती. हे पैसे काही आभाळातून पडलेले नव्हते. सेइनीनं तीस उलटेपर्यंत लग्न पुढं ढकललं होतं. धंद्याचा खर्च वाढला तर टॅक्सच्या कागदावर कमाई कमी दिसते, म्हणून हालोतीनं दोन वर्षं नवीन मिक्सर घेतला नव्हता आणि जुन्यालाच तारा बांधून चालवला होता.

"आणि एक लक्षात ठेवा," ब्रेंट दाराशी म्हणाला. "घर नावावर होईपर्यंत खात्याला हात लावू नका. नवी गाडी नको, कुणाला जामीन नको, आणि कुठून आले ते दाखवता येणार नाही असे पैसे भरू नका. पैसा नुसता असून चालत नाही. तो कुठून आला ते कागदावर दिसावं लागतं."

लुसेआनेनं हे वाक्य पाठ केलं. हालोती तोपर्यंत बिस्कीट खात होता.

सगळं जुळत गेलं. सव्वा महिन्यात बँकेनं होकार कळवला, अटींवर. ब्रूनेत्तीच्या मुलाला घाई होती. तो म्हणाला, कर्ज मिळालं नाही तर इसारा परत, ही अट करारातून काढा, नाहीतर माझ्याकडे रोखीवाले उभे आहेत. ब्रेंट म्हणाला, आता काही अडायचं कारण नाही. त्यांनी अट काढली. इसाऱ्याचे साडेसेहेचाळीस हजार अडकले. घर नावावर व्हायला तेरा दिवस राहिले असताना सेमिसी चुलता सकाळच्या चहाला उठला नाही.

आता टोंगाच्या माणसाचं मयत म्हणजे काय, हे ज्याच्या घरी झालं त्यालाच विचारावं. चार दिवस घर तुमचं नसतं. ड्राइव्हवेवर मांडव पडतो, गॅरेजमध्ये चटया अंथरल्या जातात, माणसं सोळा तास विमानात बसून येतात आणि येणारा प्रत्येक जण जेवतो. कोण कुठं बसणार हे जन्मानं ठरलेलं. लुसेआने सून, ती सुतकाची मोठी फाटकी चटई कमरेला गुंडाळून मागच्या अंगणात पातेल्यांपाशी. आणि गॅरेजमध्ये मधोमध, चांगल्या चटयांच्या चळतीवर, आत्या.

लाटू आत्या म्हणजे गेलेल्याची थोरली बहीण आणि हालोतीच्या बापाचीही. त्यांच्यात बापाच्या बहिणीपुढं भाच्यानं मान वर करायची नसते. ती मागेल ते द्यायचं, आणि ती मागतेही. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"किती डुकरं सांगितलीस?" आत्यानं विचारलं.

"तीन, आत्या."

"तीन? माझ्या भावाला? कोंबडीवाल्याच्या मयताला येतात की रे तीन." आत्यानं भिंतीकडे बघत म्हटलं. "सहा सांग. आणि एक गाय. ऑकलंडहून दोन पाद्री येतील, त्यांची तिकिटं तूच काढ. त्यांची पाकिटंही चांगली भर. तोकींचा कर्ता आहेस तू इथं. का नाहीस?"

"आहे, आत्या."

लुसेआने ताटं घेऊन आत आली होती. आत्याच्या समोर सुनेनं बोलायचं नसतं, पण ती हालोतीच्या कानाशी वाकली. "ते पैसे चौदा तारखेपर्यंत आपले नाहीत."

आत्याचे कान चांगले होते. "काय म्हणते ती वावाऊकरीण?"

"काही नाही, आत्या. भात कमी पडेल म्हणतेय."

"भात तरी नीट करा म्हणावं," आत्या म्हणाली.

मागच्या दाराशी लुसेआनेनं त्याला गाठला. तिच्या हाताला अळूच्या पानांचा चीक होता आणि तळहात खाजत होते. "हालोती, त्या खात्याला हात लावायचा नाही. ब्रेंटनं काय सांगितलंय?"

"बँकेनं पैसे बघितले ना? होकार दिला ना? एकदा बघितलं म्हणजे बघितलं. आता काय रोज उठून मोजणार आहेत?" तो हळू बोलत होता, पण घामाघूम झाला होता. "आणि लुसे, पैसे जातात कुठं? कुणाच्या मयतात गेले आणि परत आले नाहीत असं झालंय कधी? येणारा प्रत्येक जण पाकीट घेऊन येतो. चार दिवसांत भरून निघेल."

"आणि नाही निघालं तर?"

"मग मी त्याला तीन डुकरांवर पुरू का? तूच सांग. बापासारखा होता."

तिनं सांगितलं नाही. हे तिला पुढं फार लागलं, की त्या वेळी आपण गप्प बसलो. पण मागच्या खोलीत सेमिसीला पाच वर्षं तिनंच न्हाऊ घातलं होतं, आणि सहाच्या जागी तीन म्हणायला तिचीही जीभ रेटली नाही. हालोतीनं अठ्ठावीस हजार काढले.

मयत मात्र झालं. लोक अजून नाव काढतात. अळूच्या पानात नारळाचं दूध घालून शिजवलेलं मटण चारशे माणसांना पुरून उरलं. येणारा पाकीट द्यायचा, सेइनी दाराशी बसून वहीत नाव आणि आकडा लिहायची आणि कुणीतरी तो मोठ्यानं वाचायचा, ही रीतच आहे. मोआलांकडून पंधराशे. वाइओलांकडून दोन हजार आणि दोन चटया. शेवटी हालोती शवपेटीपुढं उभा राहून बोलला. म्हणाला, तुम्ही आज जे आमच्या खांद्यावर ठेवलंत ते आम्ही खाली ठेवणार नाही. तुमच्या दारी दुःख आलं की तोकी येतील, आणि हात रिकामे नसतील. बायका रडल्या. लुसेआनेही रडली.

मंगळवारी पाकिटं फोडली तर तेहेतीस हजार चारशे निघाले. गेले त्यापेक्षा जास्त. "बघ," हालोती म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की तिला त्याचा रागही येईना. खड्डा भरायचाच तर आजच भरावा म्हणून तिनं स्वतः ते बँकेत नेले. नोटा मोजणाऱ्या बाईनं मोठ्या रकमेचा फॉर्म दिला, तिनं तो भरला. घरी येऊन पातेली घासताना तिला ब्रेंटचं दाराशी म्हटलेलं वाक्य आठवलं.

बुधवारी ब्रेंटचा फोन. बँक शेवटच्या आठवड्यात खातं पुन्हा बघते. जम्बोत बघतेच.

"मिसेस तोकी, अठ्ठावीस हजार बाहेर गेलेत. आणि काल तेहेतीस हजार रोख आलेत."

"म्हणजे आधीपेक्षा जास्तच आहेत," लुसेआने म्हणाली.

"बँकेच्या हिशेबी नाहीत. त्या तेहेतीस हजारांना कागद नाही, म्हणून ते शून्य. खात्यात तीसच धरणार."

तिनं वहीचे फोटो पाठवले. त्रेपन्न नावं, त्रेपन्न आकडे, सेइनीच्या सुबक अक्षरात. ब्रेंट वाईट माणूस नव्हता, त्यानं दोन तास वरच्या लोकांशी घासाघीस केली. राखीव पैशाला भेटीची रक्कम चालत नाही, पण मयताचं कारण म्हणून एक वाट काढली: हजाराच्या वर देणाऱ्या अकरा जणांनी सह्या करून द्यायच्या. पत्राचा मजकूर बँकेचा. 'सदर रक्कम भेट आहे. परतफेड अपेक्षित नाही.' तेवढ्यांचे धरले तरी भागत होतं.

मायलेकींनी दोन दिवस रजा टाकली आणि सॅन मटेओपासून पूर्व पालो आल्टोपर्यंत दारोदार फिरल्या. दहा जणांनी न वाचता सही केली. चर्चचा कारभारी पाउला मोआला तेवढा चष्मा लावून बसला.

"परतफेड अपेक्षित नाही?" त्यानं मोठ्यानं वाचलं आणि बायकोकडे बघितलं. "ऐकलंस का? तुझ्या मयताला तोकी मंडळी हात हलवत येणारेत."

"काका, बँकेचा कागद आहे तो," सेइनी म्हणाली. "नुसता कागद."

"ते कळलं गं. पण असं लिहायचं म्हणजे…" त्यानं मान हलवली. "शिवी दिल्यासारखं वाटतं. आण इकडं." आणि त्यानंही सही केली.

गुरुवारी दुपारी अकराच्या अकरा पत्रं पोचली. लुसेआनेला वाटलं, सुटलो. चार वाजता फोन आला तेव्हा तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होती. ब्रेंट म्हणाला, तिघांनाही ऐकू येऊ दे. तिनं फोन टेबलावर ठेवला.

"पत्रं छान आहेत. वरच्यांनी एवढंच सांगितलंय की कर्जदारांना तोंडी एकदा विचारून नोंद करा. मग चौदा तारखेला किल्ल्या." तो वाचून दाखवू लागला. "या लोकांनी दिलेली रक्कम तुम्हाला कधी परत द्यावी लागणार आहे का?"

"नाही," लुसेआने म्हणाली.

"नाही," सेइनी म्हणाली.

"मिस्टर तोकी?"

हालोती टेबलाकडे बघत होता. आता नीट ऐका, हा कोण हालोती. गिऱ्हाइकाला 'उद्या येतो' सांगून चौथ्या दिवशी उगवणारा. पालिकेच्या इन्स्पेक्टरला 'खाली सळ्या सहा-सहा इंचांवर आहेत' म्हणून छातीठोक सांगणारा, जिथं त्या नऊ-नऊ इंचांवर असायच्या. खोट्याचं त्याला वावडं नव्हतं.

"मिस्टर तोकी, ऐकू येतंय ना?"

"द्यावी लागणार," हालोती म्हणाला. "सगळी. थोडी जास्तच."

लुसेआनेनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"सर," ब्रेंट अगदी सावकाश म्हणाला, "मी प्रश्न पुन्हा विचारतो. कदाचित तुमचा गैरसमज झाला असेल."

"गैरसमज नाही झाला. मी त्या माणसांपुढं, मेलेल्यापुढं उभा राहून बोललोय. शुक्रवारी म्हणालो देणार. आज गुरुवार. अजून आठवडाही नाही झाला."

फोनमधून नोंद टाइप होत असल्याचा आवाज आला. मग ब्रेंट म्हणाला, "मग ती भेट होत नाही, सर. ते कर्ज होतं. अकरा जणांचं." आणि, "मला वाईट वाटतं, मिसेस तोकी."

त्याला खरंच वाईट वाटलं असेल. शुक्रवारी बँकेनं हात वर केले. दुसरी बँक शोधायला ब्रूनेत्तीच्या मुलानं आठवडाही दिला नाही. त्यानं साडेसेहेचाळीस हजार ठेवून घेतले, कायद्यानं ते त्याचेच होते, आणि बारा दिवसांत घर सोळा लाखांना एका जोडप्याला विकलं. किंमत ठरवणाऱ्या दोघांची फी, बँकेच्या अर्जाची फी, तीही गेली. आत्यानं निरोप पाठवला, देव दुसरं देईल. चर्चमध्ये लोक उठून हालोतीचे हात हातात घ्यायचे. आपला शब्द ठेवला म्हणायचे. पाउला मोआलानं तर प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं. लुसेआनेचं कुणी घेतलं नाही.

दोन महिन्यांनी ती तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आली. भाडं पहिल्यापेक्षा हजारानं जास्त. जिन्यात पाटी होती: दहापेक्षा जास्त पाहुणे आणू नयेत, मोकळ्या जागेत स्वयंपाक करू नये. सेइनीनं लग्नाचं परत काढलं नाही. तिचे पैसे त्या साडेसेहेचाळिसांत होते. आईबापाशी ती नीट बोलायची, जसं पेशंटशी बोलतात तसं.

एका रविवारी चर्चहून आल्यावर हालोती काळे कपडे इस्त्रीला घेऊन बसला. वाइओलांची म्हातारी गेली होती. त्यांच्या पाकिटात दोन हजार आले होते, म्हणजे आता अडीच घालायला हवेत. तो पाकीट भरत असताना लुसेआने समोर येऊन बसली. त्या गुरुवारपासून ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती.

"मी ना रागावले नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, रागावलेय. मरेपर्यंत राहीन. एक 'नाही' म्हणायचं होतं तुला. एक. मी तीस वर्षं लोकांच्या घाणी काढल्या, आणि तू त्या फोनवर फक्त स्वतःचं नाव राखलंस."

"लुसे, मी सगळ्यांसमोर…"

"ऐक. एक दिवस मीही मरेन. तेव्हा हे सगळे येतील, कारण तू शब्द पाळतोस. मोआला येतील, वाइओला येतील, ऑकलंडचे पाद्री येतील. डुकरं आणतील, चटया आणतील, पाकिटं आणतील. तीनशे माणसं येतील माझ्यासाठी." तिनं त्या खोलीभर नजर फिरवली. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि इस्त्रीची फळी होती. "ती बसणार कुठं, तेवढं मला सांग."

हालोतीच्या हातात पाकीट होतं. त्यानं ते खाली ठेवलं, पुन्हा उचललं. लुसेआने उठली, कारण वाइओलांकडे भात न्यायचा होता, आणि तो अजून चढवायचा होता.